रंगात चांदी नाही, तरी पातं लखलखतं

स्टीलचा एक चमचा घ्या, टेबललॅम्पखाली धरा आणि स्वतःला विचारा, हा कोणत्या रंगाचा आहे? बहुतेक जण 'राखाडी' म्हणतील. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत आले. आता चमचा डोळ्यांजवळ आणा. दांड्याच्या कडेला केसाएवढी पांढरीशुभ्र रेघ आहे. तिला खेटूनच जवळजवळ काळा पट्टा आहे. फुगीर पाठीवर लॅम्पचा लखलखीत ठिपका, त्याच्या खाली टेबलाचा तपकिरी रंग, एका बाजूला तुमच्या कपड्यांची छटा. चमचा किंचित फिरवला की या सगळ्यांच्या जागा बदलतात. राखाडी रंग शोधायला गेलात तर तोही सापडेल, पण अगदी थोडा, उजेड आणि काळोख यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत.

मिनिएचर, म्हणजे योद्ध्यांच्या वगैरे बोटाएवढ्या छोट्या मूर्ती, रंगवणारे ज्या तंत्राचा सगळ्यात जास्त धसका घेतात, त्याची सुरुवात या चमच्यात आहे. त्या तंत्राला नॉन-मेटॅलिक मेटल म्हणतात, रोजच्या बोलण्यात एनएमएम. चंदेरी किंवा सोनेरी रंगाची बाटली उघडायचीच नाही. साध्या, चमक नसलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगांनी तलवार, चिलखत, मुकुट असे रंगवायचे की बघणाऱ्याला तो धातूच वाटावा. सगळ्यांना वाटतं की यात हात स्थिर लागतो, ब्रश महागडा लागतो. हात लागतोच, पण अवघड काम त्याच्या आधीचं आहे. उजेड नेमका कुठे पडेल आणि काळोख कुठे राहील, हे ठरवण्याचं.

माझी पहिली तलवार मी तीन संध्याकाळी खर्चून रंगवली होती. मुठीपाशी गडद राखाडी, टोकाला फिका राखाडी, आणि मध्ये कुठे जोड दिसू नये म्हणून पाण्यासारख्या पातळ रंगाचे थरावर थर. जोड खरंच दिसत नव्हता. पण पातं दगडाचं वाटत होतं, पाट्यावर घासून गुळगुळीत केलेल्या दगडाचं. का, ते मला कितीतरी दिवस कळलं नाही.

धातू चमकतो म्हणजे काय होतं

कापड, लाकूड, कातडं यांच्यावर प्रकाश पडला की तो पृष्ठभागात थोडा आत शिरतो, तिथे इकडेतिकडे आपटतो, त्यातला काही शोषला जातो आणि उरलेला सगळ्या दिशांना विखरून बाहेर येतो. म्हणून लाल झगा कुठूनही बघा, लालच दिसतो. एका बाजूने उजळ, दुसरीकडे सावलीत, आणि मधला बदल सावकाश.

धातूचं तसं नाही. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, आणि ते प्रकाशाला आत खोल शिरू देत नाहीत, जवळजवळ पृष्ठभागावरूनच परत पाठवतात. तेही वाटेल तसं नाही. ज्या कोनात प्रकाश आला, त्याच कोनात तो दुसऱ्या बाजूला जातो. त्यामुळे घासूनपुसून लख्ख केलेल्या धातूवरच्या प्रत्येक बिंदूत तुम्हाला भोवतालातली एकच दिशा दिसते. त्या दिशेला खिडकी असेल तर तो बिंदू पांढरा, कपाटाचा काळोखा कोपरा असेल तर काळा. शेजारच्या बिंदूचा कोन जरासा वेगळा असला की त्यात वेगळंच काही दिसतं. खिडकी आणि काळोखा कोपरा धातूच्या अंगावर असे एकमेकांना चिकटून बसतात.

माझ्या दगडी तलवारीचं उत्तर इथे होतं. मी तिला झग्यासारखी सावकाश, सौम्य सावली दिली होती. सौम्य सावली हे प्रकाश विखुरणाऱ्या पदार्थाचं लक्षण आहे. आपला डोळा जन्मभर भांडी, नळ, किल्ल्या बघत आलेला असतो, त्याला हे न शिकवता कळतं. त्याने तलवारीकडे पाहिलं आणि 'दगड' असा निवाडा दिला.

सोन्याची गोष्ट थोडी आणखी वेगळी आहे. चांदी सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच परतवते. सोनं मात्र निळा प्रकाश बराचसा गिळून टाकतं, म्हणून परत येणाऱ्या उजेडालाच पिवळेपणा असतो. लाल प्लास्टिकच्या चेंडूवरचा चमकता ठिपका पांढरा दिसतो, सोन्याच्या अंगठीवरचा ठिपका पिवळसर. हा फरक नंतर रंग निवडताना कामाला येतो.

मग चंदेरी रंगच का लावू नये?

लावावा की. मी लावते, अनेक उत्तम रंगकार लावतात, आणि त्याला कमी दर्जाचं मानणं मला अजिबात पटत नाही. पण त्याची एक अडचण आहे आणि ती लहान आकारात वाढते. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमचे किंवा अभ्रकाचे बारीक पापुद्र्यासारखे कण असतात. नेहमीची २८ मिलिमीटरची मिनिएचर माणसाच्या साधारण साठाव्या हिश्शाची असते. समजा रंगातला कण ३० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३ मिलिमीटरचा आहे. तो साठपट मोठा केला तर जवळपास २ मिलिमीटर होतो. म्हणजे खऱ्या माणसाच्या चिलखतावर साखरेच्या दाण्याएवढी चमकी पसरल्यासारखं झालं. लांबून हे चालून जातं, जवळून घेतलेल्या फोटोत दाणे मोजता येतात.

दुसरी अडचण उजेडाची. चंदेरी रंग खोलीतला खरा दिवा परतवतो, आणि तो दिवा तुमच्या ताब्यात नसतो. चेहऱ्यावर तुम्ही डावीकडून येणारा उजेड रंगवलेला असतो आणि चिलखत चमकतं उजवीकडून, कारण खोलीतली ट्यूबलाइट त्या बाजूला आहे.

हीच तक्रार १४३५ मध्ये लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या इटालियन माणसाने केली होती. तेव्हा चित्रांत सोनं दाखवायला खरा सोन्याचा वर्ख चिकटवत. आल्बेर्तीचं म्हणणं असं, की सपाट फळीवर वर्ख लावला तर जो भाग उजळ दिसायला हवा तो काळवंडतो आणि जो अंधारात हवा तो झळकतो. सोन्याची झळाळी साध्या रंगांनी उतरवणाऱ्या चित्रकाराचं कौतुक अधिक, असं त्याने लिहून ठेवलं आहे. गंमत अशी की त्याच सुमारास यान व्हान आयक हा चित्रकार हे करूनच दाखवत होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे. त्यात छताला टांगलेलं पितळेचं झुंबर बघा. वर्खाचा कण नाही, फक्त तेलरंग. एका एका फांदीवर तपकिरी काळोख, त्यावर पिवळी रेघ, तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका. एनएमएम शिकणाऱ्याने एक तास त्या झुंबरासमोर काढावा, निदान त्याचा मोठा फोटो समोर ठेवून.

आकार आधी, रंग नंतर

आता कामाचा भाग. उजेड कुठे बसेल हे आकार ठरवतो, आणि मिनिएचरवरचे बहुतेक धातूचे भाग तीन-चार मूळ आकारांत मोडतात.

गोल घ्या. शिरस्त्राण, गुडघ्यावरची वाटी, ढालीचा मधला फुगवटा. उजेडाच्या दिशेला एक छोटा, तेज ठिपका. ठिपक्याभोवती रंग झपाट्याने गडद होत जातो आणि विरुद्ध बाजूला जवळजवळ काळा होतो. पण अगदी खालच्या कडेला पुन्हा एक मंद चंद्रकोर उजळते, ती जमिनीवरून उडालेल्या उजेडाची. ही चंद्रकोर विसरलात तर गोल चपटा दिसतो. ती वरच्या ठिपक्याइतकी तेज केलीत तर उजेड दोन्हीकडून येतोय असं वाटतं. मधल्या राखाडीच्या वर तिला जाऊ द्यायचं नाही.

नळीसारखा आकार म्हणजे बंदुकीची नळी, भाल्याचा दांडा, पोटरीवरचं किंवा दंडावरचं चिलखत. इथे ठिपका लांब होऊन पट्टा बनतो, नळीच्या लांबीने धावणारा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना काळोख, पलीकडच्या कडेला पुन्हा मंद उजेडाची रेघ. पुष्कळ जण नळीवर आडवा पट्टा मारतात, बांगडीसारखा, आणि मग ती नळी कुठे फुगलेली, कुठे दबलेली वाटू लागते. निमुळत्या टोकावर हाच पट्टा टोकाकडे अरुंद होत जातो.

सपाट भागाचे नियम सर्वांत सैल आहेत. सपाट पत्रा एक तर पूर्ण उजळेल, नाही तर पूर्ण काळवंडेल, तो कुणीकडे तोंड करून आहे त्यावर. प्रत्यक्षात असं अख्खं पांढरं किंवा अख्खं काळं पातं कंटाळवाणं दिसतं, म्हणून रंगकार सवलत घेतात आणि सपाट भागावरही उजेडाकडून काळोखाकडे जातात. ही सवलत डोळा आनंदाने मान्य करतो, फक्त एका अटीवर: शेजारी शेजारी असलेले दोन भाग एकाच ठिकाणी उजळ नकोत. एक उजळ, तर त्याला लागलेला दुसरा गडद.

आणि कडा. धारदार कड ही खरं म्हणजे अतिशय बारीक नळीच असते. तिच्या एवढ्याशा गोलाईत सगळ्या दिशा सामावलेल्या असतात, त्यामुळे उजेड कुठूनही येवो, कडेचा एखादा कण तो पकडतोच. म्हणून काळोखात गेलेल्या भागाच्या कडेलाही उजळ रेघ हवी. काळोखात ती मध्यम राखाडी, उजेडात शुभ्र. एक रेघ, पण सगळा पत्रा तिने उठतो. माझ्या मते एनएमएममध्ये कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त फळ देणारी गोष्ट हीच.

साखळी-चिलखताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक कडीवर वरच्या बाजूला ठिपका द्यायचा, खांद्यावर जास्त तेज, काखेकडे मंद. चिकाटी लागते एवढंच.

एक तलवार, सुरुवातीपासून

मधोमध उंच कणा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन उतार, असं साधं सरळ पातं घेऊ. पाच रंग काढा: निळसर काळा, गडद निळी छटा असलेला राखाडी, मध्यम राखाडी, फिका राखाडी आणि पांढरा. निव्वळ काळ्यापेक्षा निळसर काळा घ्यायचा, कारण पोलादात बहुधा आकाशाची छटा उतरलेली असते.

आधी सगळ्या पात्याला गडद राखाडी. मग डाव्या उतारावर मुठीजवळचा एक तृतीयांश भाग फिका राखाडी, मधला मध्यम, टोकाकडचा निळसर काळा. उजव्या उतारावर नेमकं उलटं: मुठीशी काळा, टोकाला फिका. या टप्प्याला काहीही गुळगुळीत करायचं नाही. रंगांचे ठोकळे दिसू देत, जोड दिसू देत. पातं हातभर लांब धरा आणि डोळे बारीक करून बघा. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केलात तर आणखी बरं, कारण रंगाचा मोह जातो आणि फक्त गडद-फिकं उरतं. या ओबडधोबड अवस्थेतच तलवार धातूची वाटायला लागली पाहिजे. नसेल वाटत, तर पुढचे कितीही पातळ थर तिला वाचवणार नाहीत. मी तीन संध्याकाळी घालवल्या त्या या एका तपासणीअभावी.

आता जोड मिटवायचे. रंगात पाणी वाढवा, इतकं की ब्रशचा एक फराटा खालचा रंग झाकणार नाही, फक्त किंचित झुकवेल. याला ग्लेझ म्हणतात. ब्रश रंगात बुडवला की जादा ओल टिश्यूवर टिपून घ्यायची, नाहीतर रंग कडांना साचून डाग पडतात. फराट्याची दिशाही महत्त्वाची आहे. ब्रश जिथे उचलता तिथे रंगद्रव्य सगळ्यात जास्त उतरतं. म्हणून फिका राखाडी लावताना ब्रश काळोखाकडून उजेडाकडे ओढायचा आणि उजेडाच्या जागी उचलायचा. गडद रंग लावताना उलट. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर नवा फराटा जुना थर उखडतो. वेट पॅलेट, म्हणजे ओल्या स्पंजवर पसरलेला बेकिंग पेपर, असेल तर हे मिश्रण तासन् तास वाळत नाही.

जोड किती मिटवायचे? याबाबत माझं मत बहुतेकांपेक्षा सैल आहे. टेबलावर खेळण्यासाठीच्या मिनिएचरवर थोडे फराटे दिसले तरी पातं झळकतं, उलट त्यांनी घासलेल्या पोलादाचा पोत येतो. उजेड चुकीच्या जागी असेल तर मात्र रेशमासारखी गुळगुळीत छटाही फुकट.

शेवटी पांढरा. आणि इथे बहुतेकांचा हात आखडतो. एक तर पांढरा लावायचा धीर होत नाही, फिक्या राखाडीवरच थांबतात, आणि पातं पुन्हा मातकट दिसतं. किंवा धीर इतका होतो की निम्मं पातं पांढरं होतं. शुद्ध पांढरा अगदी थोडा हवा: डाव्या उताराच्या सर्वांत उजळ जागी एक चिंचोळी पट्टी, उजव्याच्या टोकाशी एक, कण्यावर एक केसाएवढी रेघ, दोन्ही धारांवर तुटक रेघा, आणि अगदी टोकावर एक ठिपका. त्या टोकाच्या ठिपक्याला मिलिमीटरभराचीही जागा लागत नाही. तो पडल्यावर तलवारीला धार आल्यासारखी वाटते. उजेडाच्या पट्टीला खेटून थोडा निळसर काळा परत खोल केलात तर पांढरा न वाढवताही तो अधिक तेज दिसतो.

सोनं, तांबं आणि पिवळ्याची फसगत

सोन्याला जागा त्याच, रंग वेगळे. पहिली चूक म्हणजे बाटलीतला भडक पिवळा. सोन्याचा बहुतांश भाग पिवळा नसतोच, तपकिरी असतो. गडद, लालसर तपकिरीपासून सुरुवात करायची, मग गेरूच्या जवळचा पिवळा, त्यावर थोडा उजळ पिवळा, मग हस्तिदंती, आणि शेवटचे मोजके ठिपके पांढरे. सोन्यावरचा उजेड पिवळसर असतो असं वर म्हटलं, मग पांढरा कशाला? कारण खरा सोन्यावरचा झोत डोळे दिपवतो आणि रंगाला ते तेज नसतं. आपल्याकडे सर्वांत तेज रंग पांढराच आहे, म्हणून तो वापरायचा, पण त्याच्याभोवती हस्तिदंती रंगाची कड राहिलीच पाहिजे.

दुसरी चूक पिवळ्याची सावली काळ्याने करण्याची. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवट रंग येतो, आणि मुकुट आजारी दिसतो. सावलीसाठी तपकिरी, आणि त्याहून गडद हवं असेल तर तपकिरीत थोडा गडद निळा किंवा जांभळा. तांब्यासाठी तपकिरीतली लाली वाढवायची, मधे नारिंगी आणि उजेडाला गुलाबीसर कातडीचा रंग.

भोवतालचं प्रतिबिंब

एवढं जमलं की पुढची पायरी फार आनंदाची आहे. धातू भोवताल दाखवतो, तर मग भोवताल रंगवा. लाल झग्याशेजारच्या चिलखताच्या काळोख्या बाजूवर अतिशय पातळ लाल ग्लेझ द्या. एकच फराटा, पण त्याने झगा आणि चिलखत एका जागेत उभे राहतात. हिरव्या गवतावर उभ्या सैनिकाच्या पोटऱ्यांच्या खालच्या कडेला हिरवट छटा द्या.

याचं टोक म्हणजे क्रोमसारखी झळाळी, जिला स्काय-अर्थ पद्धत म्हणतात. पृष्ठभागावर अख्खं निसर्गचित्रच येतं: वर गडद निळं आकाश, खाली येता येता फिकट होत पांढरं, मग एकदम क्षितिजाची काळपट तपकिरी रेघ, आणि तिच्या खाली तपकिरी जमीन, पुन्हा उजळत जाणारी. क्षितिजाची ती रेघ सौम्य केली की सगळा परिणाम जातो, ती चाकूने कापल्यासारखी हवी. जुन्या, वापरलेल्या पोलादाला ही पद्धत शोभत नाही.

वापरलेल्या पोलादाला ओरखडे शोभतात. ओरखडा म्हणजे एक बारीक खाच. वरून उजेड येत असेल तर खाचेची वरची भिंत अंधारात आणि खालची कड उजेडात. म्हणून आधी बारीक गडद रेघ, आणि तिला खेटून खाली तेवढीच बारीक फिकी रेघ. गंज लावायचा असेल तर उजळ भागात नको, तिथे घासलं गेलेलं असतं. खाचाखोचांत आणि खिळ्यांभोवती लावा.

या तंत्राची एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. रंगवलेला उजेड हलत नाही. चमचा फिरवला की त्यातली खिडकी सरकते, तलवार फिरवली तरी तिच्यातली पांढरी पट्टी जागेवरच बसते. म्हणून ठरावीक बाजूने बघायच्या मिनिएचरवर आणि फोटोत एनएमएम सर्वांत खुलतं. हातात घेऊन गरगर फिरवली तर डोळा फसवणूक ओळखतो. मागची बाजू रंगवताना मी तिला स्वतंत्र दृश्य मानते आणि वरून येणारा उजेड दोन्हीकडे तोच ठेवते, म्हणजे फिरवताना धक्का कमी बसतो.

काम संपल्यावर वॉर्निश मॅटच, म्हणजे चमक नसलेलंच लावा. धातू आहे म्हणून चमकदार ग्लॉस लावावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. ग्लॉस लावलं की खोलीतल्या दिव्याचे खरे ठिपके पात्यावर उमटतात, नेमके तुम्ही काळोख रंगवलेल्या जागी, आणि आल्बेर्तीला वर्खात जे खटकलं होतं तेच तुमच्या तलवारीवर येऊन बसतं. मॅटखाली पांढरा किंचित मंदावतो. तो पूर्ण वाळला की टोकावरचा तो एक ठिपका पुन्हा एकदा द्या.